मोडीतली भांडी

भांडं चांगलं की वाईट, हे आमची माय कानानं ठरवायची. ताट असो, तांब्या असो, डाव्या तळहातावर अलगद तोलायचा आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटानं एक टिचकी मारायची. मग मान जरा तिरकी करून ती थांबायची. आवाज लांबवर गेला तर पत्रा जाड आणि एकसारखा. मधेच विझला तर कुठंतरी चीर, नाहीतर डाग दिलेला. दुकानदारानं काट्यावर ठेवायच्या आत ती वजन सांगायची आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. शेजारच्या शांतामावशी साधी चहाची गाळणी घ्यायला निघाल्या तरी मायला बरोबर न्यायच्या. गाळणीला टिचकी मारून काय कळायचं, हे मला अजून उमगलेलं नाही. तर एवढं सगळं येणाऱ्या माझ्या मायला वाचता येत नव्हतं. आणि मला येत होतं. या प्रकरणाचा सगळा ऐवज खरं तर या दोन वाक्यांतच आहे. पण मी पडले गोष्टीवेल्हाळ बाई, दोन वाक्यांत आटोपलं तर मला जेवण जाणार नाही.

आम्ही तेव्हा हर्सूलला राहायचो, मोठ्या रस्त्याच्या जरा आत, पत्र्याच्या दोन खोल्यांत. गाव फुलंब्रीच्या पलीकडं. तिथलं वाट्याचं वावर काकाच्या हाती देऊन अण्णा, म्हणजे माझे वडील, शहरात आले आणि चिकलठाण्याच्या एका कंपनीत लागले. ते कधी पहिल्या पाळीला, कधी दुसऱ्या, आणि रविवारी जादा कामाला. त्यामुळं अण्णा म्हणजे आम्हाला मुख्यतः खुंटीवरचा शर्ट. सकाळ व्हायची ती काथवटीत भाकरी थापल्याच्या आवाजानं. त्या आवाजात मधेच बांगड्यांचा किणकिणाट, मग तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र. संध्याकाळी येसराची, म्हणजे भाजलेल्या मसाल्याच्या पिठाची, आमटी उकळायला लागली की वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, आणि आमटीत आत काहीच नाही हे त्या वासावरून कुणाला कळायचं नाही. रोजच्या वापराला जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, दोन पातेली होती. त्यांचे पोचे ठोकून ठोकून बूड असं झालं होतं की चुलीवर ठेवलं की ती डोलायची. ताटं सहा. आणि मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर मायच्या लग्नातला तांब्याचा हंडा, पितळेची घागर आणि कळशी. हे तिन्ही नग वापरायचे नसत. दिवाळीला चिंचेनं घासून, उन्हात वाळवून परत वर चढवायचे असत. आमच्या घरात सोनं म्हणजे तेवढंच, आणि ते फळीवर बसून आमच्याकडं बघायचं.

मोठी बहीण सुमनताई सातवीनंतर शाळा सोडून शिलाई मशीनवर बसली. मी नववीत. घरातलं माझं काम म्हणजे वाचणं. विजेचं बिल, रेशन कार्ड, औषधाच्या बाटलीवरचं, गावाकडचं पत्र, बसची पाटी. माय माझ्यासमोर कागद धरायची आणि म्हणायची, "वाच बरं मंदे." मी वाचायची, तीही साधी नाही, शाळेत प्रकट वाचनात पहिला नंबर असल्यासारखी, आणि तो होताच. विजेचं बिल मी आवाज चढवून-उतरवून वाचत असे. माय ऐकत राहायची आणि शांतामावशींना सांगायची, "लई साफ वाचतीया. एक अक्षर सोडत नाय." या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं भांडी घासायचं टाळलं.

सुमनताईचं बिडकीनच्या मुलाशी जमलं. त्यांची पिठाची गिरणी होती. माणसं भली; हुंडा नको म्हणाली. "आम्हाला कायी नको. पोरीचा संसार तेवढा मांडून द्या," मुलाच्या आत्याबाई पानाला चुना लावत म्हणाल्या, "एकावन्न भांडी. स्टीलची. लोकाला दिसाय पायजेत." तेव्हा आमच्याकडं लग्नात भांडी नुसती द्यायची नसत, जेवणं झाल्यावर मांडवात मांडायची, एकेक उचलून माईकवर पुकारायची, आणि पाचशे माणसांनी मनात मोजायची. अण्णांनी मायच्या हातावर पैसे ठेवले आणि "एवढ्यात बसव" म्हणून कामावर गेले. माय तीन दिवस शहागंजाच्या, गुलमंडीच्या दुकानांतून नुसती टिचक्या मारत फिरली. नवं स्टील तेव्हा वजनावर विकायचे. पातळ पत्र्याची एकावन्न आली असती. पण ती उचलली की कागदासारखी वाजली असती आणि मायच्या कानाला ते सोसलं नसतं. जाड घ्यायची तर सव्वीसवरच पैसे संपत होते. शेवटी शांतामावशींनी कानाला लागून तिला ती गल्ली सांगितली.

लोक नवं भांडं घेताना जुनं मोडीत देतात. ते जुनं पुढं कुठं जातं हा विचार आपण करत नाही. त्यातलं फुटकं वितळायला जातं, पण धडकं असतं ते शहागंजातल्या भाजीबाजाराच्या मागं एका बोळासारख्या दुकानात येऊन पडायचं. तिथं ते निम्म्या भावात मिळायचं. दुकानातला कारागीर आधीचं नाव मशीनवर घासून काढायचा, वरून झळाळी द्यायचा आणि नवं नाव टोचून द्यायचा. बाहेर आलेलं भांडं बघून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. "अण्णाला सांगू नको," माय मला म्हणाली, "आन् सुमीला तर मुळीच नको. नवरीच्या मनाला लागतं. आपण दोघीच जाऊ. तू वाचाय लागशील."

वाचायला लागशील, हे महत्त्वाचं होतं, आणि का ते दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी आम्ही टेकायच्या आत सांगितलं. चष्म्याची एक काडी तुटली होती म्हणून त्यांनी ती दोऱ्यानं कानाला बांधली होती.

"देखो बहेन, आरामसे देखो," ते म्हणाले, "माल मोड का है, चोरी का नहीं. मगर एक बात पैलेच बोल देतूँ. इसमें तेरावे का बर्तन भी रहता. मयत के नाम का. तुम लोगां में शादी में चलता नहीं वो. मेरे कू मराठी पढने आती नहीं, कारीगर कू तो कुच्चबी नहीं आता. तुम देख लेना. ऊपर देखो, अंदर देखो, नीचे देखो. बाद में मेरे कने नक्को आना."

"माझ्या पोरीला येतंय," माय म्हणाली. तिनं ते कसं म्हटलं ते मला अजून ऐकू येतं. दुकानात आम्ही जुनं घ्यायला आलो होतो. पण ते वाक्य तिनं नवंकोरं काढून ठेवलं. "नववीत हाय. पैल्या नंबरात असती."

तेराव्याचं भांडं म्हणजे काय हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. माणूस गेलं की तेराव्याला लेकीबाळींना, नातेवाइकांना त्याच्या नावाचं भांडं वाटतात, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं त्यावर घातलेलं असतं. ते घरात वापरतात, त्यात काही वाईट नाही. पण ते लग्नात द्यायचं म्हणजे नवरीच्या ओटीत काळे तीळ घालण्यासारखं.

सुरुवातीचा तासभर मजेत गेला, हे कबूल करायला हवं. माय एकेक भांडं टिचकी मारून निवडायची, माझ्याकडं द्यायची, मी काठ वाचायची, आतलं वाचायची, उलटं करून बूड वाचायची. "सौ. कुसुम हिस मामाकडून सप्रेम भेट." "वाढदिवसानिमित्त." एका तांब्यावर निघालं, "कबड्डी, द्वितीय क्रमांक." माय खळखळून हसली. "ठिव ठिव. आपला जावई हरला तर ह्योच देऊ त्याला." चार भांडी स्मरणार्थची निघाली. माय प्रत्येकाला हात लावून कपाळाला लावायची आणि बाजूला सरकवायची. गेलेल्या माणसाला उगीच दुखवायचं नाही अशा बेतानं, अगदी अलगद. मीही त्या वेळी खरंच नीट वाचत होते. एक अक्षर सोडत नव्हते.

आणि मग समोरच्या दुकानाशी रिक्षा थांबली आणि त्यातून वर्षा उतरली.

वर्षा माझ्या वर्गातली, सिडकोत राहणारी, दुसऱ्या नंबरची. समोरचं दुकान काचेच्या दाराचं होतं. तिथं भांडी डब्यांतून मिळायची. वर्षाची आई काहीतरी निवडायला आत गेली आणि वर्षा पायरीवरच उभी राहिली, तोंड रस्त्याकडं करून. आता इथं एक सांगायला हवं. मी वर्गात सांगून ठेवलं होतं की आमच्या ताईची भांडी थेट नाशिकहून यायची आहेत. कुणी विचारलं नव्हतं. मीच सांगितलं होतं, डबा खाताना, आणि वर्षाकडं बघून. मी खांबाच्या आड झाले. तिकडं पाठ केली, मग वाटलं वेणीवरून ओळखेल, म्हणून ओढणी डोक्यावर घेतली. माय ढिगाच्या तळातून एक परात ओढत होती. मोठी, बसकी, जाड काठाची. तिनं टिचकी मारली आणि बराच वेळ मान तिरकी ठेवून उभी राहिली. एवढा लांब आवाज त्या दिवसात कशाचा गेला नव्हता.

"बग, कशी वाजतीया," ती म्हणाली. "ही शेवटची. एकावन्न झाली. वाच बरं."

काठावर एक नाव होतं, कुणा लग्नातलं. ते मी वाचलं. बूड बघायला परात दोन्ही हातांनी उचलून उलटी करायला हवी होती, आणि त्यासाठी खांबाच्या आडून बाहेर यायला हवं होतं.

"बूड बगितलं का मंदे?"

"बगितलं."

"कायी हाय का?"

"कायी नाय. चल ना गं लवकर."

"पढे ना बेटा बराबर?" चाचांनी चष्म्यावरून विचारलं.

"हौ चाचा, पढे!" मी खेकसले.

वर्षानं आमच्याकडं एकदाही बघितलं नाही. ती रस्त्यावरच्या कुल्फीवाल्याकडं बघत होती. पुढं तिची आई बाहेर आली, दोघींनी कुल्फी घेतली आणि त्या गेल्या. एवढंच घडलं. कारागिरानं काठावरची नावं घासली, मी कागदावर लिहून दिलेलं 'चि. सौ. कां. सुमन' बघून बघून सगळ्यांवर टोचलं, आतून झळाळी दिली. बुडाला कुणी हात लावला नाही. त्याचे पैसे वेगळे पडतात, आणि बूड बघतं कोण. भांडी पोत्यात भरून, तोंड शिवून, लग्नापर्यंत खाटेखाली ठेवली. आता माझ्या स्वयंपाकघरात काचेची, मातीची, न चिकटणारी, तऱ्हेतऱ्हेची भांडी आहेत, मोबाइलवर बोट दाबलं की दारात येतात. खोका फोडला की मी आधी भांडं उलटं करते. सून हसते. म्हणते, "आई, खाली फक्त कंपनीचं नाव असतं." मी म्हणते, असू दे.

लग्न घरासमोरच्या मोकळ्या जागेत झालं. उन्हाळा, मांडवाचं कापड तापलेलं, बुंदीवर माशा. लिंबाच्या झाडावर कर्णा बांधलेला. जेवणं झाली, पाठवणीच्या आधी भांडी मांडली, आणि माईक मुलाच्या मामांच्या हाती गेला. मामा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. त्यांना स्पष्ट आणि खणखणीत वाचायची सवय. दिसेल ते अक्षर वाचल्याशिवाय ते पुढं सरकत नसत. मी अत्तरदाणी घेऊन बायकांत फिरत होते, आणि मनातल्या मनात गुरुजींच्या उच्चारांना गुण देत होते. तांबे झाले, ताटं झाली, डबे झाले. "चि. सौ. कां. सुमन, आईवडिलांकडून, डबा, झाकणासह!" पन्नास झाली. लोक मान डोलवत होते. अण्णांनी मांडवाच्या खांबाला टेकून पहिल्यांदाच दिवसभरात अंग सैल सोडलं होतं. माय बायकांच्या मागं उभी, ओठांवर पदर.

"आणि आता सर्वांत शेवटी, परात!" गुरुजी म्हणाले. तिचा आकार सगळ्यांना दिसावा म्हणून दोन माणसांनी ती उभी करून धरली. झळाळणारी आतली बाजू लोकांकडं झाली. बूड गुरुजींकडं. आणि समोर अक्षरं आली म्हणून गुरुजींनी ती वाचली, स्पष्ट आणि खणखणीत, 'कै.'चा पूर्ण शब्द करून.

"कैलासवासी गयाबाई यांच्या स्मरणार्थ, तेराव्यानिमित्त..."

कर्ण्यातून ते हर्सूलच्या नाक्यापर्यंत गेलं असेल.

पहिल्यांदा हलल्या त्या आत्याबाई. "काय वाचलं? परत वाचा." आणि गुरुजींनी, देवा, खरोखर परत वाचलं.

"तेराव्याचं भांडं?" आत्याबाई उठल्या. "आमच्या पोराच्या लग्नात? मेलेल्या बाईच्या परातीत आमच्या सुनेनं कणिक मळायची व्हय?" त्यांनी एक ताट उचललं, काठ उन्हाकडं धरला. "हे बगा. घासलंय हितं. ह्या डब्याला बी. आगं बया, समदा बाजारच मोडीतला हाय की!"

अण्णा खांबापासून सुटून पुढं आले. "मोडीतली?" ते मायला म्हणाले. पाचशे माणसांत ते आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी बोलत होते. "तू मोडीतली भांडी आणली? कशी गं बाई तू?"

माय पुढं आली. तिनं पदर डोक्यावर सारखा केला. "मला वाचता येत नाय," ती आत्याबाईंना म्हणाली, अण्णांना नाही. "माझ्या ध्यानात नाय आलं. चूक माझी हाय, पोरीला बोल लावू नका."

"वाचता येत नाय तर नेयाचं की कुणाला! ही एवढी पैल्या नंबराची हाय न्हवं घरात?" आत्याबाईंचं बोट माझ्यावर आलं आणि त्याच्या मागं सगळ्यांच्या माना.

"ती साळंत गेल्ती," माय म्हणाली. "मी एकलीच गेले."

"व्हय गं?" आत्याबाईंनी मला विचारलं.

भांडी आणली तो दिवस रविवार होता, शाळेला सुट्टी. अण्णांना माहीत होतं की मी बरोबर गेले होते. ताईला माहीत होतं. तिनंच आम्ही परतल्यावर गरम भाकऱ्या वाढल्या होत्या. ती मुंडावळ्यांतून माझ्याकडं बघत होती. अण्णाही बघत होते. मी अत्तरदाणीकडं बघितलं आणि होकाराची मान हलवली.

ही गोष्ट मी आमच्या नातेवाइकांत आजवर कितीदा सांगितली असेल त्याला गणती नाही. कुणाचं लग्न असलं, चार माणसं जेवायला बसली, की हमखास फर्माईश होते: मंदाआत्या, ती परातीची सांगा. मी गुरुजींची नक्कल करते, नाकातून कर्ण्याचा आवाज काढते. लहान पोरं हसून हसून लोळतात. माझ्या गोष्टीत माय एकटीच शहागंजला जाते, भोळी, अडाणी, परात वाजवून खूश होते. खांब नसतो, कुल्फी नसते. माय असेपर्यंत ती भिंतीला टेकून ही गोष्ट ऐकायची. पोरं हसली की तीही थोडं हसायची. एकदाही तिनं मधे तोंड घातलं नाही. मी उत्तम गोष्ट सांगते असं सगळे म्हणतात, आणि कशी येते म्हणून विचारतात. अशी येते.

भांडी मांडवातच राहिली. "ऱ्हाऊ द्या हितंच," आत्याबाई म्हणाल्या, आणि टेम्पो कपाट आणि पलंग घेऊन बिडकीनला गेला. ताई जाताना मायच्या गळ्यात पडून रडली. माझ्या गळ्यात पडली नाही. डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. पंधरा दिवसांनी मायनं फळीवरचा हंडा, घागर आणि कळशी उतरवली. तीन गठुडी बांधली. मी चपला घालून दारात उभी राहिले, नेहमीप्रमाणं.

"तू कुठं?" माय म्हणाली.

"वाचायला."

"तू अभ्यास कर." तिनं शांतामावशींना हाक मारली आणि दोघी गेल्या. शांतामावशी चौथी नापास.

ते तिन्ही नग मोडून घेतलेली नव्या दुकानातली, पावतीसकट भांडी अण्णा बिडकीनला पोचवून आले. आत्याबाईंनी पावती मागितलीच. तरी पुढं कित्येक वर्षं ताईनं माहेरून वाटी जरी नेली तरी सासरी कुणीतरी म्हणायचं, "आधी बूड बगा गं." ताईनं हे मला सांगितलं नाही. मायलाही नाही. ते आम्हाला इकडून तिकडून कळलं.

मांडवातली एकावन्न भांडी आमच्याच वापरात आली. घर एकदम चकचकीत झालं आणि मांडणीची वरची फळी रिकामी. मायनं काथवट बाजूला ठेवली आणि रोज त्या परातीत भाकरी थापायला लागली. "गयाबाईचं आपलं कायी वाकडं नाय," ती शांतामावशींना म्हणाली. बुडावरचं नाव तिनं घासून घेतलं नाही. ताई गेल्यावर भांडी घासायची पाळी माझ्यावर आली, त्यामुळं रोज संध्याकाळी राखेच्या हातानं मी ते पूर्ण वाचत असे. एक अक्षर सोडायची सोय नव्हती.

मायनं मला काही म्हणजे काही म्हटलं नाही. मी वाट बघत होते. तिनं कान उपटावा, शिव्या द्याव्यात, निदान "का गं असं केलंस" एवढं तरी विचारावं. ती मला जेवायला वाढायची, वेणी घालायची, ताप आला तर कपाळावर ओला फडका ठेवायची. फक्त विजेचं बिल आलं की ते घेऊन ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जायची. औषधाची बाटली मावशींकडं. वार्षिक परीक्षेचं प्रगतिपुस्तक मी तिच्यासमोर ठेवलं. दरवर्षी ती एकेक विषय आणि गुण मला वाचायला लावायची आणि प्रत्येकाला "आसं" म्हणायची. त्या वर्षी तिनं अंगठ्याला शाई लावली, "कुठं?" एवढं विचारलं, उठवला आणि पीठ चाळायला गेली. पहिला नंबर होता. मी तो तिला सांगितला नाही, कारण तिनं विचारलं नव्हतं, आणि सांगितला असता तर तिनं तो खरा धरला असता की नाही हे मला कळून घ्यायचं नव्हतं.

आणि मग ताईचं पहिलं पत्र आलं. निळं, आंतरदेशीय. पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं. मी दारात भूगोल घेऊन बसले होते. ताईचं गोल, उताणं अक्षर. माय आतून पदराला हात पुसत आली. मी पत्र उघडायला घेतलं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, हिसकावून नाही, ताट घ्यावं तसं, आणि माझ्या बाजूनं पाय टाकून शेजारच्या ओट्यावर गेली.

"शांते, वाच गं एवढं. सुमीचं हाय."

मावशींनी चष्मा शोधला. तो सापडायलाच वेळ गेला. मग त्या एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागल्या. "ती... तीर्थ... स्व... स्वरूप... आईस." पहिली ओळ होईपर्यंत माझं भूगोलाचं पान पाठ झालं असतं. ताईनं लिहिलं होतं की ती बरी आहे, गिरणीचा आवाज आता कानाला सवयीचा झाला, पिठानं केस पांढरे होतात. मी इकडून ऐकत होते आणि प्रत्येक शब्द मावशींच्या आधी माझ्या तोंडात तयार होत होता. मग त्या अडकल्या. "इथं सगळे मला... मला सां... सां..." बोट पुढं गेलं, मागं आलं. "सां... भा..."

"सांभाळून घेतात," मी दारातून म्हटलं.

मायनं मान वळवली नाही. ती मावशींच्या बोटाकडं बघत होती, टिचकी मारल्यावर बघायची तशी, मान जरा तिरकी करून.

"तू वाच गं शांते," ती म्हणाली. "सावकाश वाच. मला कायी घाई नाय."

मावशींनी बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेलं.